न चाखता घातलेलं मीठ

यशवंतअण्णा गुरवांनी जिभेला हात लावू द्यायला पुन्हा एकदा नकार दिला, तेव्हा सानिकाने खोटं बोलायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे काही बसून विचार वगैरे केला नाही. निवळवाडीतल्या त्या स्वयंपाकघरात पिठलं रटरटत होतं, अण्णा पाटावर बसून लसूण सोलत होते, आणि त्यांची सून मनाली दाराच्या चौकटीला टेकून 'बघा काही जमतंय का' अशा नजरेने सानिकाकडे पाहत होती. अण्णांच्या दंडाला बांधलेल्या पट्ट्याने नुकताच रक्तदाबाचा जो आकडा दाखवला होता, तो कुठल्याही परिचारिकेने पुन्हा एकदा मोजून पाहिला असता.

"बरं, राहिलं," सानिका म्हणाली. "चवीचं यंत्र नको तर नको. ही दुसरी पट्टी आहे. टाळूला चिकटवायची, नुसता रक्तदाब मोजते."

"नुसतं मोजतीया?" अण्णांनी विचारलं.

"नुसतं मोजते."

"आन् चव?"

"चवीशी हिचा काही संबंध नाही, अण्णा."

अण्णांनी लसणीची टोपली बाजूला सारली, चूळ भरली आणि आ केला. सत्तरीतला माणूस, पण पोरासारखे डोळे मिटून बसले. सानिकाने हातमोजा चढवून ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी त्यांच्या टाळूवर बसवली. दुसरी पट्टी वगैरे काही नव्हती. हीच ती चवीची पट्टी होती.

सानिका तालुक्याच्या ज्येष्ठ आरोग्य केंद्रात गृहशुश्रूषेचं काम करायची. म्हणजे गोळी लिहून देणं हे डॉक्टरांचं, आणि ती गोळी घेणारा माणूस झोपतो कसा, बोलतो कुणाशी, रुसतो कुणावर, खातो काय आणि सांगतो काय, हे पाहणं हिचं. नोकरीच्या भाषेत याला 'समग्र शुश्रूषा' म्हणायचे. सानिका स्वतः 'चौकशा' म्हणायची, आणि चौकशांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका आजींचा रक्तदाब रोज संध्याकाळी का चढतो, हे डॉक्टरांना महिनोन् महिने कळलं नव्हतं. सानिकाने तासभर त्यांच्या ओट्यावर बसून शोधून काढलं, की समोरची विहीणबाई त्याच वेळी तुळशीला पाणी घालायला बाहेर येते. आजींची खुर्ची मागच्या अंगणात हलवली आणि गोळी अर्ध्यावर आली. असल्या गोष्टींचा तिला अभिमान होता, आणि तो असायला हरकतही नव्हती.

अण्णांच्या बाबतीत मात्र चौकशीची गरजच पडली नाही. दुखणं उघड होतं. अण्णा आचारी, आणि हात खारट. पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी, बारशी त्यांच्या हातच्या रश्श्यावर पार पडलेली. आता वयामुळे बाहेरची कामं सुटली होती, पण घरचा सकाळचा स्वयंपाक त्यांनी सोडला नव्हता, आणि वाघजाईच्या भंडाऱ्याचा तर नाहीच. मनाली पतसंस्थेत नोकरीला, मुलगा ट्रकवर. घरात चूल अण्णांची. कमी मिठाचं खा म्हटलं, की ते हसत, मान डोलावत आणि होतं तेवढंच मीठ घालत. त्यांचा थोरला भाऊ चुलाणापाशीच कोसळला होता आणि त्याचं अर्धं अंग गेलं होतं, पुढे डोकंही चालेनासं झालं होतं. त्याला शेवटपर्यंत अण्णांनी भरवलेलं. त्यामुळे भीती नव्हती असंही नाही.

"मराय भीत न्हाई," ते सानिकाला म्हणाले होते, "पर तसं पडून ऱ्हायाला लई भितो. तुमी म्हनाल त्या गोळ्या घ्या म्हना, घिऊ. पर जिभंला हात लावायचा न्हाई. जिभंवर जगलोय मी."

आता त्या पट्टीविषयी. खारटपणा कळतो तो मिठातल्या सोडियमचे कण जिभेच्या पेशींना भिडले म्हणजे. गंमत अशी, की आपण खातो त्यातलं बहुतेक मीठ जिभेला भेटतच नाही. घासाबरोबर सरळ पोटात उतरतं आणि तिथून रक्तात जाऊन नको तो उद्योग करतं. ही पट्टी तोंडात इतका सौम्य विद्युतप्रवाह सोडते की माणसाला तो जाणवत नाही, पण सोडियमचे कण मात्र त्याच्या ओढीने जिभेच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. थोड्या मिठात भरपूर खारट लागतं. शिवाय टाळूतून एक लहानशी धमनी जाते, तिच्या ठोक्यांवरून पट्टी रक्तदाब मोजते आणि परिचारिकेच्या फोनवर पाठवते.

खरी चलाखी पुढे होती. पट्टी आपली ताकद एकदम दाखवत नसे. दर आठवड्याला कणभर वाढवत जाई. माणूस नेहमीसारखा स्वयंपाक करी, चव घेई, त्याला वाटे, आज जरा खारट झालं. दुसऱ्या दिवशी तो आपणहून चिमूट आवरती घेई. असं करत करत काही महिन्यांत घरातलं मीठ निम्म्यावर येई, आणि कुणी कुणाला 'सोड' म्हटलेलं नसे. केंद्रातल्या इतर म्हाताऱ्यांना हे सगळं सांगूनच पट्टी लावली जायची. बहुतेकांना आवडायचीही. अण्णांना ती न सांगता लावली, एवढाच फरक.

मनालीला ठाऊक होतं. बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं सिस्टर. लहान मुलाला गुळातून औषध देतात तसंच की हे."

सानिकाला ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं.

*

पट्टीने काम चोख केलं. पावसाळा सरून थंडी पडेपर्यंत अण्णांचे आकडे असे काही उतरले, की डॉक्टरांनी फोन करून यंत्र बिघडलं नाही ना, अशी खात्री करून घेतली. अण्णांचं सकाळचं डोकं जड होणं थांबलं. पायाची सूज ओसरली. ते देवळापर्यंत चालत जाऊ लागले आणि वाटेत भेटेल त्याला सांगू लागले, की सिस्टरबाईंच्या गोळ्या लागू पडल्या. सानिकाला ते आता 'पोरी' म्हणत. ती आली, की आधी पानावर बसवत, मग दंड पुढे करत.

जिल्ह्याच्या बैठकीत सानिकाने अण्णांची हकीकत सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. 'पट्टीला नकार देणारा रुग्ण संवादातून कसा वळवला,' असं तिने सांगितलं. संवाद झाला होता हे खरंच.

मध्यंतरी एकदा मनाली हसत हसत म्हणाली, "सिस्टर, आमची एक गंमत सांगू का? अण्णांच्या भाज्या हल्ली अगदीच अळणी असतात हो. आम्ही मिठाची वाटी फ्रीजमागे लपवलीय. ते हात धुवायला उठले, की वाटी बाहेर. त्यांना कळलं तर वाईट वाटेल ना."

"तुम्हीही कमीच खा की," सानिका म्हणाली आणि दोघी हसल्या. त्या हसण्यात एक गोष्ट तिच्या अगदी हाताशी आली होती. तिला ती दिसली नाही.

मार्गशीर्षात भंडारा होता. डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की या वयात चुलाणाच्या धगीत उभं राहू देऊ नये. सानिका त्यांच्याशी भांडलीच. "अहो, वर्षभर ते या एका दिवसावर जगतात. गावात त्यांना जो मान आहे तो या काहिलीमुळे. तो काढून घेतला, तर मग कुठल्या गोळीने दाब उतरवणार आहात?" तिने सगळं योजून दिलं. बसायला उंच स्टूल, मध्ये मध्ये पाणी, काहील ढवळायला संतोष जंगम नावाचा धट्टाकट्टा मदतनीस. अण्णांनी फक्त सांगायचं आणि मीठमसाला घालायचा. डॉक्टर 'तुमच्या जबाबदारीवर' म्हणाले. तिने आनंदाने घेतली.

*

भंडाऱ्याच्या दिवशी सानिका सकाळीच देवळात गेली. मागच्या पटांगणात चुलाणं पेटली होती. एकावर वांग्या-बटाट्याचा रस्सा, एकावर आमटी, पलीकडे भात, आणि गव्हाच्या खिरीची काहील वेगळी. अण्णा सोवळ्याचं धोतर नेसून स्टुलावर बसले होते आणि संतोषवर डाफरत होते. इतके खूष तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मीठ घालायची वेळ आली तेव्हा सगळे गप्प झाले. अण्णा उठले. देवळाच्या दिशेने हात जोडले, परातीतून मीठ ओंजळीत घेतलं, काहिलीतल्या रश्श्याकडे पाहिलं आणि सोडलं. पुन्हा थोडं घेतलं, हात क्षणभर थांबला, आणि त्यातलं बरंचसं त्यांनी परत परातीत टाकलं. चव घेतली नाही. देवीला दाखवायच्या आधी नैवेद्य उष्टा करायचा नसतो, त्यामुळे भंडाऱ्यात चव कुणीच घेत नाही.

"कळतं कसं हो अण्णा, न चाखता?" सानिकाने विचारलं.

"मला कुटं कळतंय?" अण्णा म्हणाले. "घरच्या सैपाकाला जीभ लागती, पोरी. हितं न्हाई लागत. हात माझा, अंदाज तिचा. इतकी वर्सं झाली, येकदाबी कमी न्हाई का जास्त न्हाई. मानसाला जमल का ते? ती घालती मीठ." आणि त्यांनी पुन्हा देवळाकडे पाहून मान लववली. हे ते मिरवायला सांगत नव्हते. विहिरीला पाणी कुठून येतं, हे सांगावं तसं सांगत होते.

नैवेद्य झाला, आरती झाली, पहिली पंगत बसली. वाघजाईच्या भंडाऱ्यात जुनी पद्धत अजून चालते. पत्रावळीवर आधी मीठ वाढतात, नुसती एक चिमूट, मानाची. बहुतेकांच्या पानात ती जेवण संपेपर्यंत तशीच राहते, आणि ती तशी राहण्यातच आचाऱ्याचं कौतुक असतं. देवीच्या प्रसादाला कुणी नावं ठेवत नाही. तोंडाने तर नाहीच नाही.

सानिका बायकांच्या पंगतीत बसली होती. तिने रस्सा-भात कालवला, घास घेतला, आणि तिचा हात थांबला. रस्सा अळणी होता. कमी मिठाचा नव्हे, चक्क अळणी. तिने आमटी ओरपून पाहिली. तीही तशीच. शेजारच्या म्हातारीने एकदा घास घोळवला, मग कुणाकडे न पाहता पानातल्या मिठाला बोट लावलं. पलीकडचीने लावलं. समोरच्या ओळीत हात एकापाठोपाठ एक पत्रावळीच्या त्या कोपऱ्याकडे गेले. एरवी पंगतीत कसला कलकलाट असतो. आज शेवटच्या माणसापर्यंत सगळे मुकाट जेवत होते.

मग एका पाहुण्याने, बाहेरगावचा असावा, वाढप्याला खुणेने बोलावलं. वाढपी मिठाचं भांडं घेऊन आला. त्याला पाहून दुसऱ्याने हात केला, मग तिसऱ्याने. मिठाचं भांडं पंगतीतून दुसऱ्यांदा फिरलं. निवळवाडीत असं कधी झालेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अण्णा चुलाणापासून ते पाहत होते. त्यांनी डाव काहिलीच्या काठावर ठेवला आणि पंगतीच्या टोकापर्यंत आले. कुणी त्यांच्याकडे वर मान करून पाहीना. ओळीतून चालत ते सानिकासमोर येऊन उभे राहिले, कारण तिच्याइतकं हक्काचं त्यांना तिथे कुणी दिसलं नसावं.

"पोरी, मीठ कसं झालंय गं?"

सानिकाला तोवर सगळं कळून चुकलं होतं. शंभर माणसं जेवायची थांबून तिच्या उत्तराची वाट पाहत आहेत, असं तिला वाटलं.

"छान झालंय, अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या पानाकडे पाहिलं. मिठाची जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती. ते मागे वळले आणि निघून गेले. सानिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

काय घडलं होतं ते एखाद्या नवशिक्या परिचारिकेलाही कागदावर मांडून दाखवता आलं असतं. हाताचा अंदाज आकाशातून पडत नाही. मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत, तो रोज घडत असतो. आज खारट लागलं, उद्या हात आवरायचा. आज कमी लागलं, उद्या सैल सोडायचा. घरच्या चुलीपाशी अण्णांची जीभ रोज त्यांच्या हाताला शिकवत होती, आणि भंडाऱ्याला तोच शिकलेला हात, जीभ बंद ठेवून, नेमका पडत होता. गेले काही महिने पट्टीने जिभेला फसवलं होतं. जिभेने हाताला फसवलं. हाताने देवीच्या दारात अण्णांना फसवलं. आणि या सगळ्याच्या सुरुवातीला 'चवीशी हिचा काही संबंध नाही' म्हणणारी सानिका बसली होती. आजींच्या विहीणबाईपर्यंत पोचणाऱ्या तिच्या चौकशा आचाऱ्याच्या हातापर्यंत पोचल्या नव्हत्या.

भंडाऱ्यानंतर तिच्या फोनवरचे अण्णांचे आकडे रोज वर चढू लागले. डॉक्टर म्हणाले, चुलाणाची धग बाधली असेल, मी बोललो होतो. गोळी वाढवू. सानिकाने हो म्हटलं. काही दिवस ती निवळवाडीकडे फिरकलीच नाही. इतर म्हाताऱ्यांकडे गेली, तिथे नको इतका वेळ बसली.

शेवटी मनालीचाच फोन आला. "सिस्टर, अण्णांनी डाव संतोष जंगमाच्या हातात दिला. देवळात, देवीसमोर, चार माणसं बोलावून. म्हणाले, आता माझं काही खरं नाही. चूल बंद केलीय त्यांनी. परवा मला विचारत होते, मनाली, मी नावं विसरतो का गं? भावासारखं माझं डोकं चाललंय का? मी काय सांगणार?"

सानिका दुसऱ्या दिवशी गेली. वाटेत तिने एक युक्ती काढली होती, आणि ती चांगली होती, म्हणूनच वाईट होती. पट्टीची ताकद तिला फोनवरून कमी करता येत असे. जशी वाढवली तशीच हळूहळू उतरवायची. अण्णांना पुन्हा चुलीपाशी बसवायचं. दोन-चार महिन्यांत त्यांचा हात मूळपदावर येईल, त्यांना वाटेल, आला बाबा हात परत. देवीची कृपा म्हणतील. दाब वाढेल तो गोळीने सांभाळू. कुणाला काही सांगायला नको, कुणाचं मन मोडायला नको.

मनालीने दारातच ती युक्ती ऐकली आणि तिला हायसं वाटलं. "तसंच करा. खरं सांगितलंत, तर ते पट्टी तर फेकतीलच, पण तुम्हाला दारात उभं करायचे नाहीत. आणि मलाही."

"कुठे आहेत?"

"मागे आहेत. तुम्हीच बघा."

परसात अण्णा घमेल्यासमोर उकिडवे बसले होते. घमेल्यात पाणी होतं, शेजारी जाड्या मिठाची पिशवी. ते ओंजळीत मीठ घेत, पाण्याकडे पाहत, सोडत. मग बोट बुडवून चाखत. मान हलवत, पाणी ओतून देत, नवं भरत. परसातली जमीन मिठाच्या पाण्याने पांढुरकी झाली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. सानिका आल्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते आपल्या हाताकडे पाहून काहीतरी पुटपुटत होते, चुकणाऱ्या पोराला समजवावं तसं. पुन्हा त्यांनी पाणी चाखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना ते बरोबर लागलं होतं. अर्थातच लागणार. पट्टी होती ना तोंडात.

सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. दयेने नव्हे. स्वतःची अशी शिसारी तिला यापूर्वी कधी आली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली. "थांबा. तुमचा हात गेलेला नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले."

ती त्यांच्यासमोर मातीतच बसली आणि सगळं सांगितलं. पट्टी एकच होती. ती चवीचीच होती. तुम्हाला खारट लागायचं ते खारट नसायचं. घरातले वरून मीठ घेतात. पंगतीत तुम्ही मला विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले. दारात उभी असलेली मनाली मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

अण्णांनी मिठाची पिशवी बाजूला सारली. मग त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजी डोस्कं माझं ठीक हाय?"

"अगदी ठीक आहे."

"भावावानी न्हाई?"

"नाही, अण्णा. तुमच्यात काही दोष नव्हता. दोष माझा."

अण्णांनी मोठा श्वास सोडला आणि चक्क हसले. ओले हात धोतराला पुसले. सानिकाच्या हातातला फोन थरथरला. तिने सवयीने पाहिलं. आकडा उतरत होता, भंडाऱ्यानंतर पहिल्यांदाच, झपाट्याने. एवढं एक वाक्य या माणसाला हवं होतं आणि ती इतके दिवस ते खिशात घालून फिरत होती. तिने फोन उलटा करून ठेवला.

हसू ओसरलं तसे अण्णा विचारात पडले. "पर येक सांगा, सिस्टरबाई." पोरी नाही म्हणाले. "घरी मी चाखायचो, तवा फसलो, ते समजलं. देवळात तर म्या चाखलंच न्हवतं. मग तितं कसं चुकलं?"

हा प्रश्न टाळता आला असता. 'यंत्राचं काय सांगावं' म्हणून उठता आलं असतं. पण आता तिला त्यांच्याशी एकही खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून तिने तेही सांगितलं. सोप्या शब्दांत, नीट, घरची जीभ हाताला रोज कसं शिकवते ते. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. अधूनमधून मान हलवत होते. तिला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. आणि मग त्यांची मान हलायची थांबली.

"म्हंजी भंडाऱ्याचं मीठबी ह्या जिभंनंच घातलं."

"तसं... हो. यंदा पट्टीमुळे."

"यंदाचं न्हाई म्हनत. दर साली. पैल्यापास्नं." ते हळू बोलत होते. "घरी चाखायचं आन् तितं ती चव हातातनं न्यायची. मग ती कुटं व्हती?"

हे आपण काय केलं, हे तिला आत्ता कळत होतं. हात परत देताना तिने त्यांच्याकडून दुसरंच काहीतरी काढून घेतलं होतं, आणि ते कुठल्याही पट्टीने परत बसवता येणारं नव्हतं.

अण्णांनी आ केला. "काडा ती."

तिने हातमोजा घातला. पट्टी सोलून निघाली, तिने ती डबीत ठेवली. अण्णांनी घमेल्यातलं पाणी पुन्हा बोटाने चाखलं, आणि या वेळी त्यांना ते जसं होतं तसं लागलं.

"तुमचं कमी मिठाचं खाईन मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "भावाचं बघितलंय. अळणी खाईन. पर अळणी हाय ते मला ठावं असू द्या. फसवून घालू नका."

"नाही घालणार."

"दंडाला बांधायचा तो जुना पट्टा आना येताना."

"आणीन. आणि भंडारा, अण्णा? संतोषला मी सांगते. डाव तुमचाच आहे. सगळ्या गावासमोर सांगते, चूक माझी होती म्हणून."

"डाव घिऊ की माघारी. त्याच्या हाताला अजून काय कळत न्हाई." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "पर आता चव घिऊन करीन. संतोषला धाडीन आंगनात, आन् बगीन चाखून. तसंबी इतकी वर्सं चाखतच व्हतो की. देवीला उष्टंच घालत व्हतो म्हनायचं."

"नाही हो अण्णा, तसं नाही," सानिका उठून उभी राहिली. ती घाईघाईने बोलू लागली. हाताला जिभेने शिकवलं एवढंच यंत्र सांगतं. त्या हाताबरोबर दुसरं कुणी होतं की नव्हतं, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. ते मोजण्याची सोयच कुठे नाही. इतक्या वर्षांत एकदाही न चुकणं हे नुसत्या सवयीने जमतं, असं मलाही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ती मनापासून बोलत होती. त्यातला शब्द न् शब्द तिला स्वतःला पटलेला होता.

अण्णांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. आता त्यांच्या नजरेत तिच्याविषयी थोडी कीवच होती.

"तुमी चांगल्या हाय," ते म्हणाले. "मानसाला बरं वाटावं म्हनून बोलता."

आणि ते घमेलं उचलून पाणी टाकायला कुंपणाकडे गेले. सानिका डबी हातात धरून परसात उभी राहिली. त्या घरात पाऊल टाकल्यापासून तिने त्यांना जे जे सांगितलं होतं, त्यात हे सगळ्यात खरं होतं, आणि नेमका त्यावरच त्यांचा विश्वास बसला नव्हता.